डांगराला फळ धरलं, आता पुढे? लिंबाएवढ्या फळापासून देठ वाळेपर्यंत

लहानपणी मळ्यात आम्हाला एक सक्त ताकीद असायची: कोवळ्या डांगराला, म्हणजे लाल भोपळ्याला, बोट दाखवायचं नाही, बोट दाखवलं की फळ कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून, नुसत्या पेरानं दाखवायचं. आजी हे अगदी ठामपणे सांगायची, कारण तिच्या डोळ्यांदेखत दर वर्षी तेच घडायचं. लिंबाएवढी झालेली फळं एकामागून एक पिवळी पडायची, मऊ व्हायची आणि गळायची. आणि कोणीतरी बोट दाखवलेलं असायचंच, मळ्यात पोरं काय कमी होती?

फळं जायची ती तीन कारणांनी. काहींना परागकण पुरेसे मिळालेले नसायचे, काहींना फळमाशीनं डंक मारलेला असायचा आणि उरलेली वेल स्वतःच सोडून द्यायचा, कारण एवढी लेकरं पोसायची त्याची ऐपत नसायची. आजही बहुतेकांची फळं याच तीन वाटांनी जातात. आपली चूक एकच होते. फळ धरलं की आपण फळाकडे बघत बसतो. बघायचं असतं पानांकडे, मुळाकडे आणि शेजारच्या फळाकडे. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलं आहे.

एक खुलासा आधीच करतो. कोकणातल्या माणसाला 'डांगर' म्हटलं की उडदाच्या पापडाचं पीठ आठवतं. इथे नाशिककडे डांगर म्हणजे लाल भोपळा, खानदेशाकडे सरकलं की तोच गंगाफळ. आमचे वेल दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागेच्या बांधाला आणि विहिरीजवळच्या मोकळ्या पट्ट्यात असतात. उन्हाळी लागवडीचं बी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत टोकायचं, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फळ धरतं. नेमकी तेव्हाच बागेत खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली मोठी छाटणी) सुरू असते, सगळे हात तिकडे गुंतलेले असतात आणि डांगर बिचारं रामभरोसे राहतं. पावसाळी लागवड जून-जुलैची, तिला ऑगस्ट-सप्टेंबरात फळं लागतात. दोन्ही हंगामांचे शत्रू वेगळे, ते पुढे येतीलच.

आधी खात्री करा: फळ खरंच धरलंय का?

डांगराच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली गोटीएवढं फळ आधीपासूनच दिसतं, आणि इथेच नवखा माणूस फसतो. ती गोटी म्हणजे फळ धरल्याची पावती नव्हे. फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहा वाजेपर्यंत मिटतं. तेवढ्या तीन-चार तासांत मधमाशीनं नर फुलावरचे परागकण आणून टाकले तरच गोटीचं फळ होतं. दुसरी संधी नाही, कारण ते फूल पुन्हा उघडत नाही.

ओळखायचं कसं? पहिले दोन दिवस काहीच कळत नाही. फूल मिटतं, सुकतं, एवढंच. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र फरक उघड दिसतो. धरलेलं फळ तकतकीत असतं, रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा मोठं वाटतं, देठ जाड होतो आणि फळ जमिनीकडे झुकायला लागतं. न धरलेलं फळ निस्तेज होतं, फुलाच्या टोकाकडून पिवळं पडत जातं आणि आठवड्याच्या आत हात लावताच गळतं. असं फळ दिसलं की लगेच काढून टाका. त्याला खत देऊन, पाणी देऊन, नवस बोलून ते परत येत नाही.

मी प्रत्येक मादी फुलाशेजारी ते उमललं त्या दिवशी लोकरीचा तुकडा बांधतो, आठवड्याला एक रंग. घरात हसतात, पण पुढे 'हे फळ किती दिवसांचं' हा प्रश्न किमान पाच वेळा पडतो आणि तेव्हा लोकरच उत्तर देते. लोकर वेलाला सैल बांधा, देठाला नको. देठ जाडावतो आणि दोरा त्यात रुततो.

सगळीच फळं पिवळी पडत असतील तर सकाळी सातला वेलाजवळ दहा मिनिटं उभे राहा. मधमाश्या दिसतात का? सातेरी, बारकी फुलोरी, नाहीतर तो काळा मोठा भुंगा, कोणीही चालेल. कोणीच नसेल तर दोष खताचा नाही. द्राक्षपट्ट्यात सकाळच्या फवारण्या हे त्याचं मोठं कारण असतं. स्वतःच्या बागेत फवारायचं असेल तर डांगर फुलावर असताना संध्याकाळची वेळ धरा, तोवर फुलं मिटलेली असतात. तेवढे दिवस स्वतः परागीभवन करावं लागेल. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर सगळीकडून फिरवायचा. सगळीकडून हे महत्त्वाचं. परागकण एकाच बाजूला पडले तर बी त्याच बाजूला धरतं आणि फळ एका अंगानं फुगून दुसऱ्या अंगानं आक्रसतं. वाकडं फळ दिसलं की बऱ्याचदा त्याचं मूळ त्या एका सकाळी असतं.

कडक उन्हात, म्हणजे पारा ३८-३९ च्या पुढे गेला की, मधमाश्या असूनही फळ धरणं मंदावतं. परागकण दुबळे होतात आणि वेलावर नर फुलांचीच गर्दी होते. म्हणून उन्हाळी लागवडीला उशीर करू नये. मे महिन्यात फुलावर आलेला वेल नुसता फुलतो.

सुकलेलं फूल हळूच काढा

पाचव्या-सहाव्या दिवशी फळाच्या टोकाला सुकलेल्या पाकळ्या चिकटून राहतात. उन्हाळ्यात त्या आपोआप गळतात, तेव्हा सोडून द्या. पावसाळ्यात मात्र हे काम चुकवू नका. ओल्या पाकळ्यांवर बुरशी चढते, टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके असलेली पांढरट लव दिसते आणि तीच फळात उतरते. दोन दिवसांत फळ टोकाकडून पाणीदार होऊन सडतं. पाकळ्या ओढू नका. चिमटीत धरून किंचित पिळलं की सुटतात. सुटल्या नाहीत तर एक दिवस थांबा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, जिथे पाऊस उसंत देत नाही, तिथे हे रोजचं काम समजा.

बूड आणि मान

फळ मुठीएवढं होण्याआधीच त्याची जागा ठरवून टाकायची. नंतर हलवणं म्हणजे देठ मोडण्याची हमी.

बूड म्हणजे फळाखालची जागा. काळ्या मातीवर टेकलेलं फळ खालून ओलं राहतं, डाग पडतो आणि वाळवी, गोगलगाय शिरते. खाली गव्हाचा भुसा, उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत यांचा तळहातभर जाड थर द्या. आमच्याकडे छाटणीच्या काड्यांचा भुगा फुकट असतो, तो छान चालतो. द्राक्षावरची भुरी (पानांवर पिठासारखा थर धरणारा बुरशीचा रोग) त्यातून डांगराला लागेल अशी भीती काहींना वाटते. दोन्हींच्या भुरीच्या बुरशी वेगळ्या आहेत, एकीची दुसऱ्या पिकाला लागत नाही. प्लास्टिकचा कागद मात्र थेट फळाखाली नको, त्यावर पाणी साचतं.

मान म्हणजे देठ आणि वेल यांचा सांधा. फळ बहुतेक वेळा वेलाला घट्ट चिकटून वाढायला लागतं. ते फुगलं की स्वतःच वेलाला ढकलतं आणि देठावर ताण येतो, कधी देठ चिरतो. उपाय सोपा आहे, पण सवडीनं करायचा. देठ वेलाशी काटकोनात येईल अशा बेतानं वेल रोज दोन बोटं सरकवा. फळ नाही, वेल. ही कसरत दुपारी करा. सकाळी वेल पाण्यानं भरलेला, कडक असतो आणि कट्‌कन मोडतो, दुपारी तो लवचिक असतो. फळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या एकेका पेराजवळ वेलाला मुळं फुटून ती जमिनीत रुतलेली असतील तर फळाजवळची तेवढी सोडवा, म्हणजे फळ फुगेल तसा वेल वर उचलला जाईल. बाकीच्या पेरांची मुळं सोडवू नका, उलट त्यांच्यावर ओंजळभर शेणखत-माती टाका. डांगराचा वेल प्रत्येक पेरातून जेवतो.

नाशिक शहरात गंगापूर रोडला किंवा सिडकोत गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये वेल लावून तो कठड्यावर चढवणाऱ्यांनी फळ नारळाएवढं व्हायच्या आत जुन्या साडीची झोळी करून द्यावी. झोळीचा भार कठड्यावर यायला हवा, वेलावर नाही. आणि ड्रममधल्या वेलाला एकच फळ ठेवायचं. दोन ठेवली तर दोन्ही अर्धवट राहतील.

विरळणी: जे बागेत कळतं ते बांधावर का कळत नाही?

आता खरं काम. द्राक्षाच्या घडातले मणी विरळ केल्याशिवाय उरलेले फुगत नाहीत, हे नाशिकच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. घड मोजून ठेवतो, मणी मोजून ठेवतो. पण तोच माणूस डांगराच्या वेलावर सात फळं दिसली की खूश होतो आणि सातही ठेवतो. मग तीन गळतात, दोन दीड किलोवर अडतात, एकाला माशी लागते आणि उरलेलं एक बरं निघतं. विरळणी झालीच, फक्त ती आपण केली नाही, वेलानं केली, तीही त्या फळांवर आठ-दहा दिवसांचं जेवण उधळून झाल्यावर.

साखर पानात तयार होते आणि फळात साठते. वेलाजवळ जितकी निरोगी पानं, तितकं जेवण. जगात विक्रमी भोपळे पिकवणारे हेच सूत्र टोकाला नेतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या स्पर्धेत १,२४७ किलोचा भोपळा आला होता. हे लोक एका वेलावर एकच फळ राखतात, बाकी सगळी खुडून टाकतात. जात वेगळी, हवा वेगळी, आपल्याला तसलं काही करायचं नाही. गणित मात्र तेच.

आपल्यासाठी अंदाज असा. पुसा विश्वाससारख्या चार-पाच किलोच्या जातीला वेलामागे दोन, वेल फारच दणकट असेल तर तीन फळं. अर्का चंदनसारख्या दोन-तीन किलोच्या जातीला तीन-चार. अर्का सूर्यमुखीची फळं किलोभराची, तिथे पाच-सहा ठेवली तरी चालतात. गावरान बियाण्याचं मागच्या वर्षीचं वजन आठवून ठरवा.

कधी करायची? फळ मुठीएवढं झाल्यावर, म्हणजे साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी. त्याआधी करू नका, कारण वेल स्वतःच काही गाळणार असतो आणि आपण राखलेलंच नेमकं गळालं तर हात चोळत बसावं लागतं. कोणतं ठेवायचं? देठ जाड, आकार सारखा, अंगावर डंक नाही आणि बुंध्यापासून थोडं लांब. अगदी बुंध्यालगत, तिसऱ्या-चौथ्या पानाशी धरलेलं फळ मोहात पाडतं, कारण ते पहिलं असतं. ते काढा. वेल लहान असतानाच ते सगळं ओढून घेतं आणि वेलाची वाढ खुंटते. दोन राखलेली फळं शक्यतो वेगवेगळ्या फांद्यांवर असावीत.

फळ ओढून तोडू नका, धारदार कात्रीनं देठातून कापा. काढलेली फळं फेकायची नाहीत. कोवळं डांगर सालासकट चिरून, हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी ही विरळणीची मजुरी आहे, आणि ती मला पिकलेल्या डांगराच्या भाजीपेक्षा जास्त आवडते.

राखलेल्या शेवटच्या फळाच्या पुढे आठ-दहा पानं मोजा आणि शेंडा खुडा. त्यानंतर बगलेतून फुटवे येत राहतात, तेही कोवळे असताना काढा. शेंड्यांचीही भाजी होते. पण पानं काढू नका! 'फळाला ऊन लागू दे' म्हणून फळाभोवतीची पानं तोडणारे लोक मी पाहिले आहेत. फळाच्या पेरावरचं पान म्हणजे त्या फळाची सर्वांत जवळची चूल आहे, वर तेच त्याची छत्री. पिवळं, वाळलेलं, जमिनीला लागून सडणारं पान तेवढं काढायचं.

पाणी

फळ धरल्यावर पाणी वाढवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. ते सारखं ठेवायचं हे थोडे लोक पाळतात. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असं झालं की कोवळं फळ गळतं, मोठं फळ तडकतं. फुलाच्या टोकाला चामड्यासारखा तपकिरी डाग पडून कुजतं तेही यातूनच, कारण कॅल्शियम मातीत असला तरी पाण्याशिवाय तो फळापर्यंत पोचत नाही.

किती द्यायचं ते जमीन सांगते. निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीत ठिबक एक दिवसाआड चालतं, पाटानं देत असाल तर पाच-सात दिवसांनी. सिन्नरच्या मुरमाड माळावर एप्रिलमध्ये रोज थोडं थोडं लागतं. आकडे पाठ करण्यापेक्षा बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटं खोल उकरा. मातीचा लाडू वळला आणि बोटांना चिखल लागला नाही, तर ठीक. लाडू वळलाच नाही तर पाणी द्या, चिखल लागला तर एक पाळी सोडा.

दुपारी दोनला पानं मलूल दिसली की लगेच मोटर सुरू करू नका. डांगराची पानं मोठी असतात, एवढ्या उन्हात ती माना टाकतातच. संध्याकाळी सहाला परत बघा. तेव्हा ताठ असतील तर पाणी पुरेसं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मलूल असतील तर एक तर जमीन कोरडी आहे किंवा मुळाला काहीतरी झालंय. ओल असूनही वेल सुकत असेल तर आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल, आधी बुंधा उकरून मूळ बघा.

पाणी बुंध्यावर ओतू नका, आळ्याच्या कडेला द्या. पानांवर आणि फळांवर तर नाहीच, विशेषतः संध्याकाळी.

खत: युरियाचं पोतं बाजूला ठेवा

फळ धरेपर्यंत वेलाला नत्र (नायट्रोजन) हवं होतं, आता पालाश (पोटॅश) हवं. या टप्प्यावर युरिया दिला की वेल पुन्हा पाल्यात शिरतो, गडद हिरवा होतो, शेजारी कौतुक करतात आणि कोवळी फळं गळतात.

ठिबक असेल तर फळं धरू लागताना शून्य-बावन्न-चौतीस, आणि फळं नारळाएवढी झाल्यावर शून्य-शून्य-पन्नास किंवा तेरा-शून्य-पंचेचाळीस, थोडं थोडं आठवड्याच्या पाळीनं. हे आकडे म्हणजे खतातलं नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण, याच क्रमानं. फवारायचं झाल्यास शून्य-बावन्न-चौतीस लिटरला ५ ग्रॅम पुरे. बोरॉन फुलोऱ्यात एकदा, लिटरला १ ग्रॅम. बोरॉनच्या बाबतीत 'थोडं जास्त' हा शब्दच नाही, कमी पडलं तर फळ वाकडं होईल, जास्त झालं तर पानांच्या कडा जळतील. कॅल्शियम नायट्रेट देणार असाल तर वेगळ्या दिवशी. स्फुरद किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर ते एकाच टाकीत घातलं की दह्यासारखं फाटतं, साका तळाशी बसतो आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात.

चार-सहा वेलच असतील तर या डब्यांची गरज नाही. दर आठ-दहा दिवसांनी शेणाच्या स्लरीचं पातळ पाणी किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण), वेलामागे दोन-तीन लिटर, पुष्कळ झालं. चुलीच्या राखेचं मात्र सबुरीनं घ्या. राखेत पालाश असतो हे खरं, पण ती अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली. मूठभर राख मातीत मिसळणं वेगळं, टोपलीभर ओतणं वेगळं.

दुकानात फळ फुगवायची बाटली मिळते. मी एका वर्षी आणली होती. फळं फुगली की नाही ते आठवत नाही, बिल आठवतं. द्राक्षाला वापरतो ते संजीवक (वाढीचं संप्रेरक) उरलंय म्हणून डांगरावर मारणं तर अजिबात नको. द्राक्षाच्या घडासाठी ठरवलेली मात्रा डांगराच्या वेलासाठी नसते.

फळमाशी: पहिले पंधरा दिवस हिचेच

आजीच्या बोटाचा खरा मालक इथे आहे. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखा अवयव खुपसून आत अंडी घालते. साल मऊ असते तोवरच तिला हे सोपं जातं, म्हणून धोका फळ लिंबाएवढं असल्यापासून नारळाएवढं होईपर्यंत जास्त. डंकाच्या जागी डिंकासारखा पारदर्शक थेंब दिसतो, तो वाळून तपकिरी होतो. त्या जागी फळ आत ओढल्यासारखं होतं, मग मऊ पडतं. चिरलं की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. थेंब दिसला तेव्हा अळी आत असते किंवा यायच्या बेतात असते. वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही.

म्हणून डंक बसण्याआधीच काम करायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी फळ धरल्याची खात्री पटली की त्याला पिशवी घाला. पातळ न विणलेल्या कापडाच्या तयार पिशव्या मिळतात, आम्ही जुन्या सुती साडीचे चौकोन शिवून घेतो. तोंड देठाजवळ सैल पण फट न ठेवता बांधायचं आणि आत फळ फुगायला जागा ठेवायची. फळ मोठ्या नारळाएवढं होऊन सालीत नख सहज रुतेनासं झालं की पिशवी काढा. दहा-वीस वेलांना हा उपाय सगळ्यांत खात्रीचा. एकरभर पिकाला तो परवडत नाही, तिथे सापळे.

सापळे घेताना एक गोष्ट नीट विचारून घ्या. आंब्याच्या बागेत लावतात ते मिथाइल युजेनॉलचं आमिष डांगराच्या माशीला खेचत नाही. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीसाठी क्यू-ल्यूर लागतं. एकरी आठ-दहा सापळे, वेलाच्या उंचीपासून हात-दीड हात वर, आणि तेही फुलं यायच्या आधीपासून. सापळ्यात फक्त नर सापडतात. माद्या बाहेरच असतात, फक्त त्यांना नर मिळेनासे होतात. म्हणून 'सापळा भरला, आता काळजी नाही' असं समजू नका. सापळा भरला म्हणजे माशी आली, एवढाच त्याचा अर्थ.

कडेला मक्याच्या दोन ओळी लावल्या तर त्याचा एक फायदा आहे. ही माशी दिवसाचा बराच वेळ डांगरावर नव्हे, आसपासच्या उंच झाडांवर बसून काढते. गुळाच्या पाण्यातलं आमिष त्या मक्यावर शिंपडलं तर माशी तिथेच सापडते आणि डांगराची फुलं, मधमाश्या विषापासून दूर राहतात. आमिषात कोणतं कीटकनाशक आणि किती, ते लेबलवर त्या पिकासाठी काय लिहिलंय ते वाचून, कृषी सहायकाला विचारून ठरवा.

आणि डंकलेली फळं. बांधावर फेकायची नाहीत, उकिरड्यावर टाकायची नाहीत. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत नवी माशी तयार. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा. शेजाऱ्यालाही सांगा. तुमचं शेत स्वच्छ आणि त्याच्या बांधावर सडकी दोडकी पडलेली असतील तर उपयोग शून्य.

भुरी आली म्हणून गंधक उचलू नका

पानं गेली की फळाची चूल विझते, म्हणून भुरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पानांवर पिठासारखे ठिपके दिसले की नाशिककराचा हात आपोआप गंधकाकडे जातो, माझाही गेला. एप्रिलची दुपार, बागेतून उरलेलं द्रावण पंपात शिल्लक होतं, म्हटलं वाया कशाला घालवा. तीन दिवसांत वेलाची अर्धी पानं कडेनं भाजली आणि फळं उघडी पडून उन्हानं पांढरी झाली. काकडीवर्गातल्या पिकांना उष्ण हवेत गंधक सोसत नाही. पारा तीस-बत्तीसच्या वर असेल तर ते नकोच. सुरुवातीलाच रोगट जुनी पानं काढा, वेलांची दाटी कमी करा. फवारणी लागलीच तर डांगरासाठी शिफारस असलेलंच औषध संध्याकाळी घ्या. पावसाळ्यात पानांवर शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग आणि खालून जांभळट लव दिसली तर ती भुरी नाही, केवडा आहे. त्याचं औषध वेगळं.

ऊन, गारा आणि रात्रीचे पाहुणे

फळावर पानांची सावली नसेल तर वाळलेलं गवत किंवा गोणपाटाचा तुकडा अंथरा. भाजलेला भाग आधी पांढरट, मग कागदासारखा होतो आणि तिथूनच सड सुरू होते. मार्च-एप्रिलची गारपीट आपल्या नशिबातच आहे. गारांनी फाटलेली पानं लगेच काढू नका, फाटकं पानही काम करतं. फळावर उथळ ओरखडा असेल तर तो खपली धरून भरतो, बाजारात भाव पडेल पण घरच्या घारग्यांना काही फरक पडत नाही. खोल फुटलेली फळं त्याच दिवशी काढा. उंदरांसाठी फळाखालचा भुसा अधूनमधून हलवत राहा. डोंगरालगतच्या मळ्यात सायाळ येते, तिला रोखायला कुंपणच लागतं.

शेवटचे दिवस

फळ धरल्यापासून जातीप्रमाणे पस्तीस ते पन्नास दिवसांत पीक तयार होतं. लोकर मोजा. जमिनीला टेकलेला भाग पिवळसर होतो, सालीवरची चकाकी जाऊन वर फिकट पावडरीसारखा थर येतो, देठ हिरवा न राहता लाकडासारखा होतो आणि नख दाबलं तर रुतत नाही. ही चारही चिन्हं दिसू लागली की तोडणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी बंद करायचं.

तोडताना चार बोटं देठ फळालाच राहू द्या. देठ धरून फळ उचलू नका, दोन्ही हातांनी खालून उचला. देठ मोडला तर ते फळ वेगळं ठेवून आधी खायला काढा. बाकीची आठ-दहा दिवस सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीत एकावर एक न रचता ठेवा, साल कडक होईल. मग कोरड्या जागी फळीवर किंवा गवतावर मांडली की दोन-तीन महिने सहज टिकतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ उलटून बूड बघायचं. मऊ लागलं, तर त्याच दिवशी चिरायचं.